रूळ नसलेल्या स्टेशनाचं गाव

लग्नानंतर दोन वर्षांनी मी सौदीला गेले. नवऱ्याने मला घर दाखवायच्या आधी स्टेशन दाखवलं.

तबूकहून आम्ही बसने आलो होतो. दोन्ही बाजूंना वाळू, मधेच तांबड्या-काळ्या डोंगरांची रांग, पुन्हा वाळू. माझ्या डोक्यातली सौदी म्हणजे जेद्दा. माझा भाऊ तिथे बंदरावर कामाला होता, आणि त्याने पाठवलेल्या फोटोंत समुद्र, दिवे आणि मोठमोठी दुकानं असत. आम्ही उतरलो तिथे एकच डांबरी रस्ता होता. त्यावर पेट्रोल पंप, किराणा मालाचे दोन बकाले, मशीद आणि मागे खजुरीच्या बागा. गावाच्या टोकाला एका रांगेत उभ्या असलेल्या दगडी इमारती दिसत होत्या. आमच्याकडच्या जांभ्या दगडापेक्षा फिकट रंगाचा दगड, खिडक्यांना कमानी.

"हां आपलां स्टेशन," तो म्हणाला.

"गाडी कधी येते?" मी विचारलं.

तो हातातली बॅग खाली ठेवून हसला. "शंभर वर्षं झाली, अजून आली नाय."

मी शाळेत होते तेव्हा आमच्याकडे कोकणात रेल्वे आली. पहिली गाडी बघायला आख्खं गाव डोंगर उतरून खाली गेलं होतं, आणि माझ्या आजोबांनी नवीन टोपी घातली होती. त्यामुळे रेल्वे ही गावात येणारी गोष्ट, असंच माझ्या मनात पक्कं होतं. ती एखाद्या गावातून निघून जाऊ शकते, हे मी तिथे पाहिलं. तुर्कांच्या अमलात दमास्कसहून मदिनेपर्यंत हाजींसाठी ही रेल्वे बांधली गेली. घाम गाळला तुर्की शिपायांनी आणि अरब मजुरांनी, पण आखणी करणारे इंजिनिअर आणि बरेचसे मुकादम जर्मन होते. इंजिनंही जर्मनीहून आलेली. मग महायुद्ध झालं, पूल आणि रूळ सुरुंगांनी उडवले गेले, आणि जेमतेम काही वर्षं धावलेली गाडी बंद पडली ती पडलीच. रूळ लोकांनी उचलून नेले. एक गंजलेलं इंजिन तेवढं शेडमध्ये अडकून राहिलं.

रूळ कुठे गेले ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं. शेजारच्या म्हातारीने जेवायला बोलावलं होतं. तिच्या जुन्या मातीच्या घराचं छत खजुरीच्या ओंडक्यांवर नव्हे, रुळांवर पेललेलं होतं. मी वर बघत राहिले तशी ती अरबीत काहीतरी म्हणाली आणि नवऱ्याने मला सांगितलं, "खाला म्हणते, गाडी गेली पण आमच्या डोक्यावरून नाय गेली."

मी तिला खालाच, म्हणजे मावशी, म्हणू लागले, आणि ती मला "या बिन्ती" म्हणे, म्हणजे माझ्या लेकी. तिचा मुलगा माझ्या नवऱ्याचा कफील, म्हणजे त्याला व्हिसा देऊन कामावर ठेवणारा मालक. गावातलं एकुलतं वेल्डिंगचं वर्कशॉप त्याचं, आणि ते चालवायचा माझा नवरा. त्यांच्या घराण्याला सगळं गाव "अलमानी" म्हणायचं, म्हणजे जर्मन. कारण खालाचे आजोबा पोरवयात जर्मन मुकादमाच्या हाताखाली पाणी भरायला होते आणि पुढे आयुष्यभर त्याच्या गोष्टी सांगत फिरले. घरातल्या एका नातवाचे डोळे घारे होते, त्यावरून लोक चेष्टा करत. खाला भडकायची. "नाव कामावरून पडलंय," ती म्हणायची, "रक्तावरून नाही. आम्हाला आमची सात पिढ्यांची नावं पाठ आहेत."

आमची मुलगी तिथेच वाढली. गावात इंडियन शाळा नव्हती, म्हणून ती घरी बसून ऑनलाइन शिकली. माझ्याशी इंग्रजी-हिंदीत भांडायची, बापाशी आमच्या गावच्या बोलीत लाडात यायची, आणि खालाशी अस्सल त्या डोंगरातल्या अरबीत गप्पा मारायची. खालाला ती जद्दा म्हणायची, म्हणजे आजी. रत्नागिरीतल्या सख्ख्या आजीला हे फोनवर कळलं तेव्हा ती जरा रुसली होती.

मग मधल्या काही वर्षांत देशाचं वारं बदललं. टुरिस्ट व्हिसा सुरू झाले, अल-उलाची कातळात कोरलेली जुनी थडगी बघायला जाणाऱ्या गोऱ्या लोकांच्या गाड्या आमच्या पेट्रोल पंपावर थांबू लागल्या, आणि एक दिवस स्टेशनाभोवती पत्र्याचं कुंपण लागलं. स्टेशनाचं म्युझियम होणार होतं. लोखंडी दारं, खिडक्यांचे गज आणि इंजिनाची साफसफाई यांचं काम नवऱ्याला मिळालं.

त्याला इतका खूश मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता. घरी यायचा तो नखांत शंभर वर्षांचा गंज घेऊन. मी साबण पुढे करायची, आणि तो मुलीला हात दाखवायचा, "बाय, बघ, जर्मनीचा माल." कामाला सुट्टी होती अशा एका शुक्रवारी त्याने आम्हा दोघींना शेडमध्ये नेलं. इंजिनाच्या अंगावर जर्मन अक्षरांची पितळी पाटी होती, ती त्याने घासून घासून पिवळी केली होती. आम्हाला हात देऊन त्याने वर चढवलं. मुलगी भट्टीच्या दारात डोकं घालून बघत होती. तो ड्रायव्हरच्या जागी उभा राहिला आणि एक दांडा धरून मला म्हणाला, "बोल, कुठे सोडू? मदिना की रत्नागिरी?"

"रत्नागिरी," मी म्हटलं.

"तिकीट हाय काय?"

"ड्रायव्हरची बायको आहे मी."

"मग बस," तो म्हणाला, आणि तोंडाने शिट्टी वाजवली. शेडच्या छतातली कबुतरं फडफडून उडाली.

त्याच थंडीत एक जर्मन बाई आली. सत्तरीच्या आसपासची, निवृत्त शाळामास्तरीण, एकटी, सोबत भाड्याची गाडी आणि ड्रायव्हर. तिचे पणजोबा या लाइनवर मुकादम होते आणि तापाने इथेच कुठेतरी वारले, एवढंच तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जात होतं. ती त्यांची कबर शोधत होती. स्टेशनावर माझा नवरा भेटला, त्याने तिला सरळ आमच्याकडे आणलं, आणि मी खालाला बोलावलं. जर्मन बाई इंग्रजीत बोलायची, मुलगी ते अरबीत सांगायची, आणि खालाचं उत्तर पुन्हा इंग्रजीत. मी चहा करता करता ऐकत होते.

खाला म्हणाली, "माझे आजोबा सांगायचे. साहेब तापात फणफणला होता, आईला हाका मारायचा. वारला तेव्हा मजुरांनीच खड्डा खणला. आजोबांनी दगड वाहिले."

"कुठे?" त्या बाईचा चहाचा कप हातातच राहिला.

"रुळाच्या कडेला. पण बाई, त्यानंतर वादीच्या या कोरड्या पात्राला किती वेळा पूर आला."

तरी आम्ही सगळे गेलो. नवऱ्याच्या पिकअपमध्ये पुढे दोघी म्हाताऱ्या, मागे मी आणि मुलगी. रुळांचा भराव अजून दिसतो तिथे, वाळूतून गेलेली उंचवट्याची एक लांब ओळ. त्याच्या कडेने ठिकठिकाणी दगडांचे ढीग होते. कुठला कबरीचा, कुठला खडीचा, आणि कुठला पुराने आणून टाकलेला, ते सांगायला कुणी उरलं नव्हतं. जर्मन बाई प्रत्येक ढिगापाशी थांबे, वाके, पुन्हा पुढे जाई. माझा नवरा तिच्या बरोबर, उन्हात, तिच्या पावलाने चालत राहिला. शेवटी ती एका ठिकाणी नुसतीच उभी राहिली.

तेवढ्यात तिथेच चरायला सोडलेल्या खालाच्या शेळ्या भरावावर चढल्या. ती नेहमीप्रमाणे काठी उगारून ओरडली, "लोस! लोस!"

जर्मन बाई गर्रकन वळली. "ती काय म्हणाली?"

मुलीने विचारलं. खालाला कळेचना की त्यात विचारण्यासारखं काय आहे. "शेळ्यांना असंच म्हणतात. माझे वडील म्हणायचे, आजोबा म्हणायचे. ओझं उचलताना, जनावर हाकताना."

तो शब्द जर्मन होता. चला, निघा, अशा अर्थाचा. ती बाई आधी हसली, आणि मग तिथेच दगडावर बसून तिने तोंड ओंजळीत झाकलं. खालाने काठी टाकली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. दुपारी रुळांच्या छताखाली आम्ही सगळ्यांनी एका थाळीतून भात-मटण खाल्लं. जाताना त्या बाईने माझ्या नवऱ्याचा हात बराच वेळ हातात धरला होता.

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

सकाळची वेळ होती. मी मुलीला गणित समजावत होते. दार वाजलं म्हणून उघडलं तर कफील उभा. तो कधी आमच्या दारात एकटा येत नसे, आईला पुढे करून येई. आज ती त्याच्या मागे होती आणि तिची ओढणी अर्धी जमिनीवर लोळत होती.

"शेडमध्ये होता," कफील म्हणाला. "पाणी मागितलं. मी पाणी घेऊन परत येईपर्यंत..."

"हॉस्पिटलला नेलं ना?" मी विचारलं.

"नेलं."

"मग?"

खाला पुढे झाली आणि तिने मला धरलं. त्या धरण्यातूनच मला कळलं. माझ्या मागे मुलगी विचारत होती, "मम्मी, व्हॉट हॅपन्ड? मम्मी?" आणि तिला कुठल्या भाषेत सांगावं हे मला सुचेना.

त्याला छातीचा कसलाही त्रास नव्हता. निदान त्याने कधी सांगितला नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, वेळच मिळाला नाही. चेहरा अगदी शांत होता. नखांत गंज तसाच होता.

दुपारी गावाहून सासूबाईंचा फोन आला. आम्ही सगळे त्यांना मां म्हणतो. बातमी त्यांना माझ्या भावाने सांगितली होती. त्या रडत नव्हत्या. त्या एकच वाक्य बोलत होत्या, "त्याला घरी आण. मना माझा पोरगा आणून दे."

मी कफीलला विचारलं. तो म्हणाला, आणता येईल, मी सगळं करतो. पण आधी तबूकला न्यावं लागेल, मग पोलिसांचे, हॉस्पिटलचे, वकिलातीचे कागद, मग पेटी, मग विमान. किती दिवस लागतील ते सांगता येत नाही, काहींना महिना लागलेला आहे. तोवर तो शवागारात राहणार. आणि आपल्याकडे मय्यत ताटकळत ठेवू नये म्हणतात. तो उत्तरासाठी माझ्याकडे बघत होता, आणि खोलीत माझ्याशिवाय उत्तर देणारं कुणी नव्हतं. भाऊ जेद्दाहून निघाला होता, पण त्याला पोचायला उशीर होता.

महिनाभर त्या थंड कप्प्यात तो, हे मला सोसेना. मी म्हटलं, "इथेच."

मांना मी स्वतः फोन केला. "मां, इथेच दफन करतोय. आजच, ऊन कलल्यावर अस्रच्या नमाजानंतर."

मग त्या म्हणाल्या, "मग मना त्याचा तोंड तरी दाखव."

मुलीने व्हिडिओ लावला. हॉस्पिटलच्या त्या खोलीत रेंज येत-जात होती. स्क्रीनवर मांचा चेहरा थांबायचा, मग हलायचा. त्यांनी "बाबू" अशी हाक मारली. पुन्हा मारली. मग चित्र अडकलं ते तसंच राहिलं, त्यांचं तोंड उघडं. पुन्हा फोन लावला तेव्हा त्यांनी उचलला नाही, आणि त्यानंतर कित्येक महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. मशिदीत मागे, बायकांच्या बाजूला उभी राहून मी त्याची जनाज्याची नमाज पढले. पुरुषांनी त्याला खांद्यावर उचललं. मुलगी माझ्या हाताला हिसडा देऊन दारापर्यंत धावली. "आय वॉन्ट टू गो विथ अब्बा!" खालाने तिला पोटाशी घट्ट धरलं आणि अरबीत काहीतरी पुटपुटत राहिली. दाराच्या फटीतून मला फक्त पांढऱ्या पायघोळ थोबांची गर्दी दिसली, आणि त्यांच्या डोक्यांवरून पुढे सरकणारा तो जनाजा. गावातला एकूण एक पुरुष आला होता. पेट्रोल पंपावरचा बंगाली पंप बंद करून आला होता. तो माझ्या नवऱ्याला गाववाला मानायचा.

मी इद्दतीला बसले. चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. माझा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नवऱ्याच्या इकाम्यावर होता, तो गेल्यावर माझंही तिथलं राहणं संपलं होतं. पण कफीलने ऑफिसात फेऱ्या मारून मुदत वाढवून घेतली. "तुझी इद्दत याच घरात होईल," खालाने मला सांगून टाकलं होतं, "बाकीचं माझा मुलगा बघेल."

रोज अस्रनंतर ती गहवा, म्हणजे वेलदोड्याची अरबी कॉफी, आणि खजूर घेऊन यायची. मला अरबी मोडकीतोडकी येत होती, तिला माझी भाषा अजिबात नाही. ती बोलायचीही फारसं नाही. माझे केस विंचरायची. एकदा मी तिला विचारलं, "खाला, तुझा नवरा गेला तेव्हा तू काय केलंस?"

"भाकऱ्या भाजल्या," ती म्हणाली. "घरात माणसं होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा भाजल्या."

मुलगी आता अरबीतही कमी बोलू लागली होती. स्टेशनाच्या बाजूला तोंड करून बसायची नाही, खिडकीपासची जागा तिने सोडली होती. म्युझियमचं काम दुसऱ्या कंत्राटदाराने पुढे नेलं. तिकडून हातोड्यांचे आवाज यायचे. ते ऐकले की मी पंखा मोठा करायची.

इद्दत संपल्यावर आमच्या खुरूजचे, म्हणजे कायमचे निघून जायचे, कागद झाले. भाऊ आम्हाला जेद्दापर्यंत न्यायला आला. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी खाला म्हणाली, "आत जाता येत नाही, पण भिंतीबाहेर उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही." कफीलने गाडी काढली.

कबरस्तानाची भिंत माझ्या छातीएवढी होती. आत नुसती मातीच्या बुटक्या उंचवट्यांची ओळ, मागे दुसरी ओळ, तिच्या मागे आणखी. डोक्याशी एक दगड, पायाशी एक दगड. नाव कुठेच नाही, तिथे तसं लिहीत नाहीत.

"कुठली?" मी विचारलं.

कफीलने बोट दाखवलं, मग मागे घेतलं. "ती. नाही, थांब. त्यानंतर तिथे आणखी दफन झाले. तेव्हा ती कडेची होती." तो भिंतीवर हात टेकून मोजत राहिला आणि मग त्याने मान खाली घातली. "मला माफ कर. या ओळीतली आहे, एवढं नक्की."

मला ती जर्मन बाई आठवली. तिला पणजोबा सापडले नव्हते. मला माझा माणूस काही महिन्यांतच सापडत नव्हता. मुलगी भिंतीवर हनुवटी टेकवून उभी होती. ती आमच्या बोलीत, जी ती फक्त बापाशी बोलायची, त्या ओळीकडे बघून म्हणाली, "अब्बा, आम्ही जाताव." आख्ख्या ओळीला म्हणाली. मी फातेहा पढले, तीही सगळ्या ओळीसाठीच. वारा असा सुटला होता की डोळ्यांत वाळू गेली, आणि खालाने तिच्या ओढणीचं टोक फुंकून माझ्या डोळ्यांवर धरलं.

गावी परत आलो तेव्हा मां दारात आल्या, नातीला जवळ घेतलं आणि आत गेल्या. माझ्याकडे पाहिलं नाही. घरात आम्ही दोघी एकाच चुलीपाशी राबायचो, पण लागेल ते त्या नातीमार्फत विचारायच्या. मी रागावले नाही. त्यांचा मुलगा मी परक्या वाळूत ठेवून आले होते.

खालाचे व्हॉइस मेसेज यायचे, लांबलचक, मधेच शेळ्यांचे आवाज. मुलगी ते ऐकायची आणि उत्तर पाठवायची. मां तेवढ्यापुरत्या उठून मागच्या पडवीत जायच्या. असं जवळजवळ वर्ष गेलं. मग एका दुपारी मेसेज नव्हे, खालाचा सरळ फोनच स्पीकरवर चालू असताना त्या उठल्या नाहीत. तांदूळ निवडत बसून राहिल्या आणि अचानक नातीला म्हणाल्या, "तिला विचार, त्याला आंघोळ कोणी घातली?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच हो म्हटलं. तिने अरबीत विचारलं.

खाला म्हणाली, "माझ्या मुलाने. त्याच्या स्वतःच्या हाताने. सांग तिला, सख्ख्या भावाला घालतात तशी."

मुलीने सांगितलं. मांचा सुपातला हात थांबला होता. "पाण्यात बोरीचा पाला घातला होता काय? आपल्यात घालतात."

"घातला होता," खाला म्हणाली. "माझ्या परसातल्या बोरीचा. मी स्वतः तोडून दिला. कोवळा बघून दिला."

मांनी सूप खाली ठेवलं आणि हात पुढे केला. मुलीने फोन त्यांच्या हातात दिला. मांना अरबी येत नव्हती, खालाला मराठी येत नव्हती. मां फोन कानाला लावून बसल्या. मग त्यांनी एवढंच म्हटलं, "बाय, तू केलास." आणि तो गेला त्या दिवसापासून आतच अडवून ठेवलेलं त्यांचं रडणं फुटलं. पलीकडून खालाचाही रडण्याचा आवाज येत होता, मला दारापाशी ऐकू येत होता. मुलगी भाषांतर करायला पुढे सरकली. मी तिला दंडाला धरून मागे घेतलं आणि आम्ही दोघी पडवीत जाऊन बसलो.